शिक्षकाच्या हाती बंदूक : एका युक्तिवादाची तपासणी



मागच्या दोन व्याख्यानांत आपण न्यायशास्त्रातलं अनुमान पाहिलं. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या बळावर? व्याप्ती म्हणजे काय, हेत्वाभास कशाला म्हणायचं, हे बघितलं. त्यावर काही श्रोत्यांनी लिहून विचारलं, की हे सगळं आजच्या जगात कुठे उपयोगी पडतं? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण एक चालू असलेला वाद घेऊ या. अमेरिकेतल्या शाळांमध्ये गोळीबार होतात. ते थांबवायचे असतील तर शिक्षकांनाच बंदुका द्या, अशी मागणी तिथे गेली बरीच वर्षं होते आहे, आणि काही राज्यांनी तसे कायदेही केले आहेत. हा युक्तिवाद आज तपासायचा आहे.

विषय परदेशातला आहे, हे खरं. पण आपले काही श्रोते ओहायोत आहेत, टेक्ससमध्ये आहेत. त्यांची मुलं तिथल्या शाळांत जातात. दार लावून, दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प बसून राहण्याचा सराव लहान वयापासून करतात. इकडे पुण्या-नाशकात आजी-आजोबा फोनवर नातवंडांच्या तोंडून ते ऐकतात. तेव्हा 'तिकडचं तिकडे' म्हणून हा वाद सोडून देता येत नाही.

आपली परंपरा सांगते, आधी पूर्वपक्ष मांडा. आणि असा मांडा, की समोरच्यालाही म्हणता आलं पाहिजे, 'हो, माझं म्हणणं हेच आहे.' तर मांडू या.

१४ डिसेंबर २०१२. कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावात सँडी हूक ही प्राथमिक शाळा. वीस मुलं आणि शाळेतली सहा मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर आठवड्याभरातच नॅशनल रायफल असोसिएशनच्या प्रमुखांनी वॉशिंग्टनमध्ये आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा, की बंदूकधारी वाईट माणसाला थांबवू शकतो तो फक्त बंदूकधारी चांगला माणूस. पुढे १४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत सतरा जण गेले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलं, की वीसेक टक्के शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सशस्त्र करावं.

या भूमिकेच्या मागे तीन आधार आहेत, आणि तिन्ही आधार मूर्खपणाचे नाहीत.

पहिला आधार वेळेचा. हल्लेखोर काही मिनिटांत काम उरकतो. पोलिसांना यायला तेवढी मिनिटं लागतातच. दूरच्या खेड्यातली शाळा असेल तर जास्तच. जो जागेवर आहे तोच काही करू शकेल. याला दाखलाही आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या पर्ल गावी शाळेत गोळीबार झाला, तेव्हा तिथल्या उपमुख्याध्यापकांनी आपल्या गाडीतून पिस्तूल आणून हल्लेखोर मुलाला अडवलं. ही घटना खरी आहे. ती विसरून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

दुसरा आधार जरबेचा. शाळेत शस्त्र नाही हे माहीत असतं म्हणून हल्लेखोर शाळा निवडतो. आत कुणाकडे बंदूक असेल सांगता येत नाही असं झालं, तर तो बिचकेल.

तिसरा आधार नैतिक आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत बळकट आहे. पार्कलँडला फुटबॉल प्रशिक्षक आरन फीस विद्यार्थ्यांना आपल्या देहाने झाकताना मारले गेले. त्यांच्या हातात काही नव्हतं. जो माणूस मुलांसाठी छातीवर गोळी झेलायला तयार आहे, त्याला रिकाम्या हातांनी मरायला लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? फ्लोरिडाने नंतर शाळेतल्या कर्मचाऱ्यांना शस्त्र देण्याची जी योजना आणली, तिला या प्रशिक्षकांचंच नाव आहे.

हा झाला पूर्वपक्ष. आता उत्तरपक्षाकडे वळू. पण त्याआधी उत्तरपक्षातलाही थोडा कचरा काढू. 'शिक्षकाचा पेशा पवित्र, त्याला शस्त्राचा विटाळ नको' असं काही लोक म्हणतात. हा युक्तिवाद नाही, ही भावना आहे. ज्याचं मूल शाळेत आहे त्याला पावित्र्य नको असतं, मूल संध्याकाळी घरी यायला हवं असतं. दुसरे म्हणतात, बंदूक वर्गात गेली की अपघात होणारच. होतात, त्याकडे आपण येऊच. पण एखाद-दुसऱ्या बातमीवरून सिद्धान्त उभा राहत नाही. आपल्याला सरळ मार्गाने जायचं आहे.

तर पहिला प्रश्न व्याप्तीचा. 'जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी' यावर अनुमान उभं राहतं. इथे व्याप्ती कोणती? 'जिथे जिथे जागेवर सशस्त्र चांगला माणूस, तिथे तिथे हल्ला रोखला जातो.' आता उदाहरणं बघा.

कोलोरॅडोतलं कोलंबाईन, २० एप्रिल १९९९. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक मारले गेले. त्या शाळेला नेमलेला सशस्त्र पोलीस अधिकारी होता आणि त्याने हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या. पार्कलँड : सशस्त्र अधिकारी आवारात होता, इमारतीच्या आत गेला नाही. टेक्ससमधलं युवाल्डी, २४ मे २०२२ : एकोणीस मुलं, दोन शिक्षिका. तिथे वेगवेगळ्या दलांचे मिळून ३७६ अधिकारी जमले होते, असं टेक्ससच्या विधिमंडळ समितीचा अहवाल सांगतो. तरी हल्लेखोराला संपवायला तासाहून अधिक वेळ गेला, ७७ मिनिटं. ही सगळी पेशाने बंदूक बाळगणारी, प्रशिक्षण घेतलेली माणसं. हेतू हजर आहे आणि साध्य गैरहजर आहे, याला आपण काय म्हणतो? सव्यभिचार. हेतू साध्याला सोडूनही राहतो. मग त्यावर अनुमान टिकत नाही.

इथे कुणी म्हणेल, ते अधिकारी भित्रे निघाले, आमचे शिक्षक निघणार नाहीत. ठीक आहे, धैर्य गृहीत धरू. कौशल्याचं काय? न्यूयॉर्क पोलिसांच्या गोळीबाराचा अभ्यास रँड या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केला. समोरून गोळ्या येत असताना पोलिसांच्या झाडलेल्या गोळ्यांपैकी सरासरी फक्त १८ टक्के लक्ष्याला लागल्या होत्या. म्हणजे पाचातल्या चार चुकल्या. रस्त्यावर चुकलेली गोळी भिंतीत जाते असं आपण समजून चालू. मुलं सैरावैरा धावत असलेल्या शाळेच्या बोळात ती कुठे जाईल?

आणि प्रशिक्षण किती? ओहायोत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं, की शाळेत शस्त्र बाळगणाऱ्या शिक्षकाला पोलिसासारखं सातशेहून अधिक तासांचं प्रशिक्षण हवं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला, आणि सक्तीचं प्रशिक्षण जास्तीत जास्त २४ तासांवर आणलं. जिल्ह्याला हवं असेल तर वाढवावं. आम्ही चार दशकं वर्गावर गेलो. चोवीस तासांत एका सत्राचं तर्कशास्त्रही पुरं होत नाही, हे आपल्यातले शिक्षक सांगतील.

आता प्रतिपक्ष एक पाऊल मागे घेईल. तो म्हणेल, 'नेहमी रोखला जातो असं आमचं म्हणणं नाही. कधी कधी रोखला जातो, एवढंही पुरे. एक मूल वाचलं तरी पुरे.' पर्लचा दाखला त्याच्या बाजूला आहेच. ४ सप्टेंबर २०२४ ला जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलमध्येही शाळेला नेमलेले अधिकारी झटकन समोर गेले आणि चौदा वर्षांच्या हल्लेखोराने शरणागती पत्करली. तोवर चौघे गेले होते, पण ते तिथे नसते तर आकडा वाढला असता, असं मानायला जागा आहे. ते अधिकारी शिक्षक नव्हते, त्यांचा तो पूर्णवेळचा पेशा होता, हा फरक लक्षात ठेवू. पण 'कधी कधी' हे मान्य करून टाकू.

मात्र 'कधी कधी' म्हटलं, की आता तराजू काढावा लागतो. अमेरिकेत सरकारी शाळांतले शिक्षकच तीस लाखांहून अधिक. त्यांतले वीस टक्के म्हणजे सहा लाख. शाळेचे दिवस वर्षाला साधारण १८०. गुणाकार केला तर दर वर्षी दहा कोटी ऐंशी लाख वेळा एक भरलेली बंदूक शाळेच्या दारातून आत जाणार. स्वच्छतागृहात काढून ठेवली जाणार, पर्समध्ये राहणार, खणात विसरली जाणार. यांतल्या अगदी तुरळक दिवशी ती वाचवू शकेल. बाकी सगळे दिवस ती फक्त तिथे असेल. पार्कलँडनंतर महिन्याभराच्या आत दोन गोष्टी घडल्या. जॉर्जियात एका शिक्षकाने वर्गात स्वतःला कोंडून घेऊन गोळी झाडली. कॅलिफोर्नियात राखीव पोलीस म्हणूनही काम करणाऱ्या एका शिक्षकाच्या हातून, बंदूक सुरक्षित कशी हाताळावी हे शिकवतानाच गोळी सुटली. एकटी बातमी सिद्धान्त होत नाही असं आपण म्हटलं, ते इथेही लागू आहे. पण दहा कोटींच्या गुणाकारात या बातम्या अपवाद राहत नाहीत, त्यांचं प्रमाण ठरतं.

जरबेच्या आधाराचं थोडक्यात बघू. जरब बसते ती ज्याला जगायचं आहे त्याला. कोलंबाईनच्या दोघांनी आणि न्यूटाउनच्या हल्लेखोराने शेवटी स्वतःलाच गोळी मारली. मरायच्या तयारीने जो घरून निघाला, त्याला मरणाची भीती काय घालणार? १९८० ते २०१९ मधल्या १३३ शालेय घटनांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सशस्त्र पहारेकरी असलेल्या ठिकाणी मृत्यूंचं प्रमाण कमी आढळलं नाही, उलट जास्त आढळलं. यावरून 'पहारेकऱ्यामुळे माणसं मेली' असं कुणी म्हणेल तर तोही हेत्वाभासच. मोठ्या शाळेत, जास्त धोक्याच्या शाळेत पहारेकरी असतो. पण जरब बसते हा दावा त्यातून निघत नाही, एवढं नक्की.

इथवर आपण हिशेब केला. आता मूळ मुद्द्याकडे येऊ, कारण या युक्तिवादातला खरा दोष हिशेबाचा नाही, शब्दाचा आहे. 'वाईट माणूस' हा शब्द.

हा वाईट माणूस कोण? कोलंबाईनचे दोघे त्याच शाळेचे विद्यार्थी. न्यूटाउनचा वीस वर्षांचा, त्या शाळेत शिकलेला. पार्कलँडचा एकोणीस वर्षांचा, त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. युवाल्डीचा अठरा वर्षांचा. ज्या प्राथमिक शाळेत शिकला तिथेच आला. अपालाचीचा चौदा वर्षांचा, त्याच शाळेतला. म्हणजे 'चांगला माणूस' आणि 'वाईट माणूस' असं जे चित्र आपल्यासमोर ठेवलं जातं, त्यात दोघे अनोळखी असतात, एक आतला आणि एक बाहेरचा असतो. प्रत्यक्षात दोघांची नावं एकाच हजेरीपटावर असतात. शिक्षिकेला बंदूक देताना आपण तिला परका दरोडेखोर रोखायला सांगत नाही. तिसऱ्या बाकावर बसणाऱ्या पोरावर, वेळ आली तर गोळी झाडायची तयारी ठेव, असं सांगतो. आणि ही तयारी एका दिवसापुरती नसते. रोज सकाळी 'यांतला कोण?' असं मनात ठेवून वर्गात शिरायचं.

मुलांना हे कळत नाही असं समजू नका. टेनेसीने २०२४ मध्ये कायदा केला. नॅशव्हिलच्या एका शाळेत आदल्या वर्षी तीन मुलं आणि तीन मोठी माणसं मारली गेली होती, त्यानंतरचा हा कायदा. कोणता शिक्षक सशस्त्र आहे हे पालकांना सांगितलं जात नाही. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तर्क आहे. पण परिणाम काय? प्रत्येक शिक्षकाकडे 'याच्याकडे असेल का?' म्हणून बघायचं. शिक्षकाने मुलाकडे संशयाने बघायचं आणि मुलाने शिक्षकाकडे.

यावर कुणी म्हणेल, प्राध्यापक, विश्वास वगैरे ठीक आहे, पण विश्वासाने गोळी थांबते का? आमचं उत्तर आहे, हो. बहुतेक वेळा थांबते ती त्यानेच. हे आम्ही भावनेने म्हणत नाही. राष्ट्राध्यक्षांचं रक्षण करणारी सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खातं यांनी कोलंबाईननंतर शाळांमधल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. ८१ टक्के प्रकरणांत हल्ल्याआधी किमान एका माणसाला कल्पना होती, आणि तो बहुधा हल्लेखोराच्याच वयाचा मित्र, वर्गबंधू, भावंड होता. पुढच्या एका अभ्यासात दिसलं, की ज्याला कळलं तो पुढे येऊन सांगतो की नाही, हे शाळेतल्या वातावरणावर बरंच अवलंबून असतं. म्हणजे धूर आधी दिसतो, मंडळी. प्रश्न एवढाच, की ज्या पोराला तो दिसतो, त्याला कुणाजवळ जाऊन सांगावंसं वाटतं का?

याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचं आहे, ३० नोव्हेंबर २०२१ चं. पंधरा वर्षांचा मुलगा. आदल्या दिवशी तो वर्गात फोनवर काडतुसं शोधताना एका शिक्षिकेला दिसला. तिने कळवलं. त्या दिवशी सकाळी गणिताच्या कागदावर बंदुकीचं चित्र काढताना दुसऱ्या शिक्षिकेला दिसला. तिनेही कळवलं. समुपदेशकांनी आई-वडिलांना बोलावून घेतलं. आई-वडील आले, मुलाला घरी नेलं नाही, निघून गेले. दप्तर कुणी उघडून पाहिलं नाही. पिस्तूल दप्तरात होतं. वडिलांनी ते चारच दिवस आधी विकत घेतलं होतं. मुलगा वर्गात परत गेला. दोनेक तासांत चार विद्यार्थी प्राणघातक जखमी झाले.

या घटनेत शिक्षिकांकडे काय कमी होतं? बंदूक? दोघींनी आपलं काम चोख केलं होतं, कारण त्यांचं लक्ष मुलाच्या कागदाकडे होतं. तुटली ती पुढची साखळी : दप्तर, आई-वडील, घर. २०२४ मध्ये त्या आई-वडिलांना न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा दिली. शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी अमेरिकेत आई-वडील अशा गुन्ह्यात दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ. आणि हे घर काही जगावेगळं नव्हतं. सीक्रेट सर्व्हिसच्या २०१९ च्या अहवालानुसार, बंदूक वापरणाऱ्या शालेय हल्लेखोरांपैकी ७६ टक्क्यांनी ती आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातून आणली होती.

म्हणजे बंदूक घरातून येते आणि बंदोबस्त वर्गात करायचा. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं आपल्याकडे म्हणतात ते हेच. घरातलं कपाट कुलूपबंद करा म्हटलं की स्वातंत्र्यावर घाला. शिक्षिकेच्या पर्समध्ये पिस्तूल ठेवा म्हटलं की सुरक्षितता! गंमत बघा, फ्लोरिडाच्या २०१८ च्या त्याच कायद्यात दुसऱ्याही दोन तरतुदी होत्या. बंदूक विकत घेण्याचं वय एकवीस केलं, आणि धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडून न्यायालयाच्या आदेशाने शस्त्र काढून घेण्याची सोय केली. औषध म्हशीपर्यंत पोचवण्याचा तो प्रयत्न होता. पण चर्चा झाली ती पखालीचीच.

आता तिसरा आधार, प्रशिक्षक फीस यांचा. त्यांना आपण काय उत्तर देणार? आमचं म्हणणं असं. हॉब्जपासून राज्यसंस्थेचा करार सांगितला जातो तो हा, की प्रत्येकाने आपल्या हातातलं शस्त्र खाली ठेवायचं आणि बदल्यात राज्याने रक्षण करायचं. इथे राज्य म्हणतं, आम्हाला जमत नाही, हे घ्या तुमचं शस्त्र परत, आणि तुमच्याबरोबर वर्गातल्या पंचवीस मुलांचंही तुम्हीच बघा. वर हे देणं म्हणून मांडलं जातं, सन्मान म्हणून मांडलं जातं. प्रत्यक्षात ही जबाबदारी अंगावरून झटकणं आहे. उद्या शिक्षिकेची गोळी चुकली तर दोष कुणाचा? ती गोठली, पार्कलँडच्या अधिकाऱ्यासारखी बाहेर उभी राहिली, तर न्यायालयात कोण उभं राहणार? त्या अधिकाऱ्यावर खटला चालला. २०२३ मध्ये तो निर्दोष सुटला. फीस यांचं देणं आपण लागतो, यात शंका नाही. पण ते फेडायचं ज्यांच्याकडे कायदा आहे त्यांनी. पुढच्या फीसच्या हातात पिस्तूल ठेवून ते फिटत नाही.

ज्यांना हे ओझं उचलायचं आहे ते काय म्हणतात? रँडने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शिक्षकांनाच विचारलं होतं. ५४ टक्के म्हणाले, शिक्षकांनी शस्त्र बाळगल्याने शाळा कमी सुरक्षित होईल. २० टक्के म्हणाले, जास्त सुरक्षित होईल. उरलेल्यांना फरक पडेल असं वाटलं नाही. बहुमताने सत्य ठरत नाही, हे आपण इथे नेहमी म्हणतो. पण ते वीस टक्केही आपले सहकारी आहेत, आणि त्यांची भीती खरी आहे. खेड्यातल्या शाळेत, पोलीस अर्ध्या तासाच्या अंतरावर असताना, मुलांकडे बघून ज्या शिक्षिकेला वाटतं की आपल्याजवळ काहीतरी असावं, तिला हसू नये. तिला विचारावं : ज्या मुलाची तुला भीती वाटते, तो मुलगा, किंवा त्याचा मित्र, त्या दिवसाच्या आधी तुझ्याकडे येईल अशी जागा तुझ्या शाळेत आहे का? नसेल, तर आधी ती मागू या. समुपदेशक मागू या, दप्तर तपासण्याचा नियम मागू या, घरातल्या बंदुकीला कुलूप मागू या.

आपण सुरुवात धूर आणि अग्नीपासून केली. शाळांतल्या या आगींच्या बाबतीत धूर बहुतेक वेळा आधी दिसलेला असतो, आणि तो बघणारा शिक्षक किंवा विद्यार्थी जागेवर असतो. त्याचे डोळे शाबूत राहतील, त्याला बोलायची हिंमत राहील, असं जे जे करता येईल ते सुरक्षिततेचं काम. त्याच्या डोळ्यांत संशय भरेल असं जे जे केलं जाईल ते त्याच्या उलट.

अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांना शेवटी एवढंच सांगू. तुमच्या जिल्ह्याच्या शाळा मंडळाच्या बैठकीत हा विषय आला, तर गप्प बसू नका. समोरच्याला मूर्ख किंवा दुष्ट म्हणू नका, कारण तोही आपल्या मुलासाठीच बोलतो आहे. त्याचा पूर्वपक्ष नीट मांडा आणि मग व्याप्ती विचारा.

पुढच्या वेळी आपण हेत्वाभासांतला 'विरुद्ध' हा प्रकार घेऊ. आजच्या विषयावर प्रश्न असतील ते जरूर लिहा.